मुलाच्या डोळ्यासाठी एफडी मोडावी का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय: चार वर्षांच्या मुलाच्या उजव्या डोळ्याच्या बाहुलीवर जन्मापासून पडद्याचे धागे आहेत (गर्भात बाहुलीवर असणारा पातळ पडदा पुरता विरघळला नाही की ते उरतात), मागे मोतीबिंदूही आहे. एक डॉक्टर लेझरने धागे तोडू म्हणतात, दुसरे पडदा आणि मोतीबिंदू एकदमच काढायला सांगतात. खर्च १,२०,००० रुपये. घरासाठी ठेवलेली ३ लाखांची दोन वर्षांची एफडी सात महिन्यांनी सुटेल. तोवर लेझरवर भागेल का? यजमानांच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे.

ताई, सात महिने थांबू नका. या वयात मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्याकडून धूसरच दिसत राहिलं तर तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर ऑपरेशन कितीही छान झालं तरी नजर पुरती येणं कठीण.

लेझर की ऑपरेशन, हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना एवढं विचारा: लेझरनंतरही मोतीबिंदू काढावाच लागणार का? ‘हो’ म्हणाले, तर लेझरने खर्च वाचत नाही, उलट वाढतो. एवढंसं पोर मशीनवर हनुवटी टेकवून स्थिर बसत नाही, लेझरलाही भूल लागू शकते. म्हणजे भूलतज्ज्ञांची फी दोनदा. धागे जाड असले तर त्यात रक्तवाहिन्या असू शकतात, रक्तस्रावाची शक्यता वेगळीच.

एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. व्याजदर साधारण एफडीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त असतो आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. २ टक्के धरले तरी १,२०,००० रुपयांच्या कर्जावर, एफडीचं व्याज वजा जाता, सात महिन्यांत खिशातून सुमारे १,४०० रुपये जातील. मोडली आणि १ टक्का दंड लागला, तर झालेल्या सतरा महिन्यांवर सुमारे ४,२५० रुपये.

त्याआधी मेडिक्लेम बघा. बाह्य, म्हणजे बाहेरून दिसणारे, जन्मजात दोष सहसा वगळलेले असतात, अंतर्गत बहुधा चालतात. हा पडदा कशात धरणार, ते टीपीएकडून (विमा कंपनीतर्फे दावे हाताळणारी संस्था) ऑपरेशनआधी लेखी घ्या. नवी पॉलिसी आत्ता उपयोगाची नाही; आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. जन्मजात मोतीबिंदू २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, उपचार मोफत. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात याच आठवड्यात चौकशी करा.

आणि ऑपरेशननंतरचा खर्च विसरू नका. चष्म्याचा नंबर बदलत राहतो, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते, डोळ्याचा दाब तपासावा लागतो. यासाठी दरमहा २,००० रुपये बाजूला काढा. पट्टीत हयगय झाली तर ऑपरेशनचा फायदा हातातून जातो. घराचं बुकिंग पुढे गेलं तरी चालेल.