25 हजार वस्तीच्या गावात वाचनालय आणि सांस्कृतिक भवन एकत्र बांधायचं आहे. आराखडा कसा असावा?

पुस्तकं वरच्या मजल्यावर ठेवा. बाकीचं आर्किटेक्ट बघेल.

मी शिरोळ तालुक्यात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. नवी इमारत ठरली तेव्हा आमच्या कमिटीत यावरूनच जुंपली. इंजिनिअर म्हणाला, हॉलला मधे खांब नकोत, म्हणून तो वर पत्र्याच्या ट्रसखाली घेऊ, स्वस्तात बसेल. अध्यक्षांनी लगेच री ओढली, "म्हातारी माणसं जिना कशी चढणार? पुस्तकं खालीच." मी म्हटलं, "दादा, 2005 ला पाणी चौकापर्यंत आलं होतं." तर म्हणे, "असला पूर आता आपल्या हयातीत येत न्हाई वो."

हयात कुणाची धरायची? कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून चालू आहे. ग्रंथालयाचं जोतं अध्यक्षांच्या वयावर ठरवतात का?

ऑगस्ट 2019. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. आमची पुस्तकं खालीच होती. पाणी ओसरल्यावर वाचनालयाचं दार ढकलून आत गेलो. पुस्तकं फुगून रॅकमध्ये इतकी गच्च बसली होती की एक ओढून निघेना. शेवटी पाना आणून नटबोल्ट काढले, रॅकच खोलले. गुळगुळीत कागदाच्या दिवाळी अंकांच्या तर विटा झालेल्या. दाखल रजिस्टर सगळ्यात खालच्या खणात (ही चूक माझी), त्यामुळं नेमकं काय गेलं तेही सांगता येईना. पुढं 2021 ला परत तेच. मग कुठं ठराव झाला आणि वरचा अर्धा हॉल पुस्तकांसाठी आम्हाला मिळाला.

तर गावची पूररेषा आधी बघा, नकाशे नंतर. आणि वर म्हणजे खालच्या हॉलच्या डोक्यावर नव्हे. घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो धरून करतात, पुस्तकांच्या रॅकला 600 लागतात. खाली खांब हवेतच. हॉल शेजारी वेगळा काढा, नाहीतर लग्नाचा बँड आणि एमपीएससीची पोरं एकाच भिंतीला.

तुमचं गाव माळावर असेल तर यातलं निम्मं सोडून द्या.

जिन्याचं मात्र अध्यक्षांचं खरं होतं. पेपर आणि मासिकं आम्ही खालीच ठेवली. अध्यक्ष रोज सकाळी येतात, पुस्तक हवं असलं की नातवाला वर पिटाळतात, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "लिफ्ट कवा बसवनार?"