प्रोसेसर मोठा टाकला, पण पळतोय ८०० वरच

प्रश्न : ताई नमस्कार. माझा लॅपटॉप जुना आहे पण अजून धडधाकट आहे, त्यात आय-३ २३५०एम होता, २.३ गिगाहर्ट्झचा. सेकंडहँड आय-७ २६७०क्यूएम मिळाला म्हणून व्हिडिओ बघत बघत घरीच बदलला. पहिल्या झटक्यात चालू झाला, बायोसने (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम) ओळखला, विंडोजमध्ये नाव बरोबर येतंय, आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) दिसतायत. पण स्पीड बघितला तर ०.७९ गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ८०० मेगाहर्ट्झ! कागदावर २.२ आहे, टर्बो (काम वाढलं की मिळणारा जास्तीचा वेग) ३.१. काहीही उघडा, आकडा हलत नाही, साधा व्हिडिओपण अडकतो, याच्यापेक्षा आय-३ बरा होता. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीन लावली, दोनदा उघडून परत बसवला, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आहे, टेंपरेचर ५० च्या वर जात नाही. खराब माल गळ्यात मारलाय का मला? (बॅटरी तशी मेलेलीच होती, उघडताना काढली ती परत लावलीच नाही, डायरेक्ट चार्जरवर चालवतोय.)

उत्तर : आधी विकणाऱ्याला शिव्या घालणं थांबवा, त्या बिचाऱ्याचा काही दोष दिसत नाहीये. खराब प्रोसेसर बहुतेक वेळा चालूच होत नाही, नाहीतर मध्येच हँग होतो, निळी स्क्रीन देतो. आठ थ्रेड दाखवून ८०० वर शांत बसून राहणं ही त्याची लक्षणं नव्हेत. आणि गंमत म्हणजे कामाची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकलीये, मला येणाऱ्या निम्म्या पत्रांत असंच असतं.

८०० हा आकडा कुठून आला ते बघा. या पिढीच्या प्रोसेसरचा बेस क्लॉक, म्हणजे मूळ ठोका, १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायरने, म्हणजे जितकी पट हवी त्या आकड्याने, गुणायचं. २२ ने गुणलं की तुमचे २.२, ३१ ने गुणलं की टर्बोचे ३.१, आणि सगळ्यात खालचा मल्टिप्लायर ८. म्हणजे तुमचा प्रोसेसर तळाला बसलाय. काही काम नसताना तो तिथे जातोच, वीज वाचवायला, त्यामुळे नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून आकडा बघून घाबरायचं नसतं. पण तुमचा कामातपण वर येत नाहीये, तेव्हा कोणीतरी त्याला दाबून धरलंय हे नक्की.

कोण ते आकडा कसा वागतो त्यावरून कळतं. गरम होत असेल तर आकडा आधी वर जातो, टेंपरेचर नव्वदीच्या पुढे सरकतं, १०० ला या प्रोसेसरची हद्द संपते आणि मग आकडा धाडधाड खाली वर व्हायला लागतो. तुमचं ५० आहे, तेव्हा पेस्टच्या मागे लागू नका, आणि परत परत उघडून सॉकेटचं वाटोळं करू नका. आकडा २.२ ला चिकटून वर जात नसेल तर टर्बो बंद असतो, पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ झालेलं असलं तरी तेवढ्यावर टर्बो जातो, पुष्कळ लोक इथेच अडकलेले असतात. आणि गार असूनही तळाला खिळलेला असेल तर हुकूम बाहेरून येतोय.

हा हुकूम येतो प्रॉकहॉट नावाच्या पिनवरून. मूळ काम असं की प्रोसेसर तापला की त्याने त्या पिनवरून बोर्डाला कळवायचं. पण ही वायर दोन्हीकडून चालते, बोर्डपण ती खेचून प्रोसेसरला हळू हो म्हणून सांगू शकतो, आणि प्रोसेसर गार असला तरी निमूट ऐकतो. लॅपटॉपमध्ये चार्जर, बॅटरी, पंखा बघणारी एक छोटी वेगळी चिप असते, ती बहुतेक वेळा ही वायर खेचते. फॉरमॅट मारून फरक पडला नाही तो यामुळेच, हे सगळं विंडोजच्या खाली चालतं.

आता तुमचा कंस. आय-३ ३५ वॅटचा होता आणि त्याला टर्बोच नव्हता, आय-७ ४५ वॅटचा आणि टर्बोत क्षणभर त्याच्याही वर जातो. असा झटका आला की कमी पडलेली वीज बॅटरी भरून काढते, आणि तुमच्याकडे बॅटरीच नाही. मग ती चिप विचार करते की चार्जर एकटा आहे, उगाच लॅपटॉप धाडकन बंद पडायला नको, दाबून ठेवा याला. सगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप असं करत नाहीत पण करणारे भरपूर आहेत.

चार्जर उलटा करून मागचं स्टिकर वाचा. आउटपुटसमोर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट येतो, ४.६२ अँपिअर असेल तर ९०. तुमचा ६५ चा निघाला तर या आय-७ ला तो अपुरा आहे. तुमच्याच कंपनीचा, त्याच व्होल्टेजचा आणि तसाच जॅक असलेला ओरिजिनल ९० वॅटचा चार्जर ओळखीत कोणाकडे असेल तर तासाभरासाठी मागून आणा, लावा, लोड द्या म्हणजे एखादं जड काम चालवा आणि आकड्याकडे बघत बसा. ओरिजिनलच म्हणतेय कारण काही जॅकमध्ये मधोमध एक बारीक पिन असते, चार्जर त्यावरून आपली ओळख आणि वॅट सांगतो. ती पिन वाकडी झाली किंवा नकली चार्जरने काही सांगितलंच नाही तर ९० चा लावूनपण ८०० च दिसेल. जुनी बॅटरीपण एकदा लावून बघा, अर्धमेली असली तरी कधीकधी तेवढ्याने भागतं. फुगलेली असेल तर मात्र अजिबात लावू नका.

चार्जर मिळेपर्यंत खात्री करायची तर थ्रॉटलस्टॉप नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात बीडी प्रॉकहॉटची (तीच दोन्हीकडून चालणारी वायर) टिक काढा. टिक काढल्याबरोबर आकडा उडी मारून वर गेला की चोर सापडला. प्रोसेसरचं स्वतःचं १०० डिग्रीचं संरक्षण तसंच राहतं, पण बोर्डाचं ओरडणं आपण बंद केलेलं असतं, आणि लहान चार्जरवर असं चालवलं तर चार्जर चटका बसेल इतका तापतो नाहीतर लॅपटॉप पटकन बंद पडतो. पाच मिनिटं बघायला ठीक आहे, कायम असं ठेवू नका. आणि सेव्ह न केलेलं काही असेल तर आधी सेव्ह करा, बाकी नशीब.

ते सुटलं की गरमीचा प्रश्न येणारच, कारण तुमचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) बहुतेक ३५ वॅटच्या हिशोबाने दिलेला असणार. आणि ३.१ एकच कोअर (प्रोसेसरच्या आतला काम करणारा भाग, तुमच्यात असे चार आहेत) काम करत असताना मिळतो, चारही जुंपले की त्याच्याखाली आकडा दिसेल, त्यासाठी परत पत्र पाठवू नका.

प्रश्न : माझ्या फारच जुन्या लॅपटॉपमध्ये सेलेरॉन एम ४२० होता, १.६ गिगाहर्ट्झ. त्याजागी २ गिगाहर्ट्झचा कोअर टू ड्युओ टी७२०० टाकला, तर हापण फुल लोडवर १.६ च दाखवतोय. चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप) ९४०जीएमएल आहे. मग बदलून उपयोग काय झाला?

उत्तर : सीपीयू-झेड नावाचा प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, मल्टिप्लायर १२ दिसेल आणि बस स्पीड (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या रस्त्याचा ठोका) १३३. या प्रोसेसरला १६६ ची बस लागते, १२ गुणिले १६६ म्हणजे २ गिगाहर्ट्झ. तुमचा चिपसेट १३३ च्या वर जात नाही, म्हणजे चौपट करून डब्यावर लिहितात ती ५३३ ची बस, तेव्हा १२ गुणिले १३३, आले तुमचे १.६. इथे चार्जर, पेस्ट, पॉवर प्लॅन कशाचाच संबंध नाही, सेटिंगमधून सुटणार नाही आणि पिनांना वायर लावायचे जुगाड करू नका. पण उपयोग झालाय की, आधी एक कोअर आणि १ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) होती, आता दोन कोअर आणि ४ एमबी आहे. आकडा तोच असला तरी दोन कामं एकदम उघडून बघा.