पाकिटावर लिहिलंय 'अंदमान', मन ओढतंय लक्षद्वीपकडे

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

'मी ५८ वर्षांची आहे, नाशिकला राहते. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. ते मूळचे भगूरजवळचे. अंदमानला जाऊन सेल्युलर जेल एकदा तरी बघायचंच, असं लग्न झाल्यापासून म्हणायचे. दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं; एकदा मुलीच्या बाळंतपणामुळे, एकदा लॉकडाऊनमुळे. त्यासाठी त्यांनी बँकेत ठेव केली होती. तिची पावती ज्या पाकिटात आहे, त्यावर त्यांच्या अक्षरात "अंदमान" लिहिलंय. आता ठेवीची मुदत संपली. मुलगा म्हणतो, मे महिन्यात नातवाला सुट्टी लागली की सगळे अंदमानला जाऊ, खर्च मी करतो, बाबांची इच्छा पूर्ण होईल. इकडे योगवर्गातल्या चार मैत्रिणी जानेवारीत कोचीहून जहाजाने लक्षद्वीपला निघाल्यात. मला चल म्हणतायत. खरं सांगते, मला जायचंय. गणपतीपुळ्याला, दिवेआगरला कितीदा गेले, पण दरवेळी सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत काठावरच बसले. एकदा गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचंय. पण त्यांच्या पाकिटातल्या पैशांनी दुसरीकडे जाणं म्हणजे त्यांच्याशी दगा केल्यासारखं वाटतं. मला पोहता येत नाही, एसटीतही मळमळतं, बीपीची गोळी चालू आहे. काय करू?'

ताई,

जानेवारीत मैत्रिणींबरोबर लक्षद्वीपला जा. पाकिटातल्या पैशांनीच जा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अंदमानबद्दल लिहिताना 'ते म्हणायचे' आहे, 'मुलगा म्हणतो' आहे. 'मला जायचंय' हे तुम्ही एकदाच लिहिलंत, आणि तेही लक्षद्वीपसाठी, तेही 'खरं सांगते' अशी प्रस्तावना करून.

दगा हा शब्द मला अजिबात पटला नाही. ती ठेव एकट्याच्या पगारातून उभी राहिली का? तुम्ही घर कसं चालवलंत, कुठे हात आखडता घेतलात, तेव्हा ती रक्कम बाजूला पडली असेल. पाकिटावर अक्षर त्यांचं असलं तरी आतल्या पैशात तुमचा घाम आहे. आणि ज्या माणसाने लेकीच्या बाळंतपणासाठी स्वतःचं अंदमान पुढे ढकललं, तो बायको चार दिवस समुद्रात उतरली म्हणून रागावेल, असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

तुम्हाला जे हवंय, त्यासाठी लक्षद्वीप फार चांगलं आहे. ती प्रवाळांची बेटं आहेत. एकूण ३६, त्यातल्या १० बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. बेटालगत प्रवाळाचा बांध असतो. अरबी समुद्राच्या लाटा त्या बांधावर फुटतात आणि आतल्या बाजूला उथळ, निवळ पाणी उरतं. त्याला लगून म्हणतात. खाली पांढरी वाळू, त्यामुळे पाण्याला तो हिरवा-निळा रंग येतो. पोहता न येणाऱ्या बाईला लाइफ जॅकेट घालून, माहितगाराचा हात धरून गळ्यापर्यंत उभं राहायला याहून सोयीचं पाणी आपल्या देशात क्वचितच मिळेल. गणपतीपुळ्याचा समुद्र आत ओढणारा आहे, तिथे काठावर बसलात ते एका अर्थी बरंच केलंत. अंदमानचा राधानगर किनारा सुंदर आहे, पण तो उघडा समुद्र. शिवाय अंदमानच्या काही किनाऱ्यांवर मगरींपासून सावध राहा असे फलक असतात. ते फलक शोभेचे नाहीत.

आता जरा मैत्रिणींचा बेत बदलायला लावते. जहाज नको. कोचीहून लक्षद्वीपला जहाजाने बेटानुसार १४ ते १८ तास लागतात. पुष्कळदा जहाज लगूनच्या बाहेरच थांबतं आणि छोट्या होडीत उतरून बेटावर जावं लागतं. होडी वरखाली होत असते. खलाशी हात धरून उतरवतात, पण ज्यांना एसटीत मळमळतं त्यांनी रात्रभर डोलून सकाळी ही कसरत करू नये. कोचीहून अगत्तीला छोटं विमान जातं, साधारण दीड तासात. अगत्ती बेट सात-आठ किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं. विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं. मैत्रिणींना पटवा, पाचही जणी विमानाने जा आणि तीन-चार दिवस एकाच बेटावर राहा. जागा थोड्या असतात, सामानाची मर्यादाही कमी असते, म्हणून तिकिटं लवकर काढा. त्यांना जहाजच हवं असेल तर तुम्ही एकट्या विमानाने जा आणि त्या ज्या बेटावर उतरणार असतील तिथे गाठ पडते का ते विचारा. ते जमत नसेल तर निदान डॉक्टरांकडून मळमळीची गोळी लिहून घ्या आणि जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा, तिथे डोलणं कमी जाणवतं.

आपण भारतीय असलो तरी लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय बाकी पैसे भरू नका. बीपीच्या गोळ्या दुप्पट न्या, अर्ध्या हातातल्या पर्समध्ये ठेवा. जाण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून या, कारण तिथे दुखणं वाढलं तर हेलिकॉप्टरने कोचीला न्यायची वेळ येते. भाज्या बहुतेक मुख्य भूमीवरून येतात, जेवणात ट्युना मासा आणि नारळ. तुम्ही शाकाहारी असाल तर मेतकूट, चटणी, लाडू बरोबर असू द्या. कपड्यांची काळजी नको. वस्ती मुस्लिम आहे, बायका अंगभर कपड्यात वावरतात, तुम्ही पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात उतरलात तर उलट तिथल्या रीतीला धरूनच होईल. फक्त ओढणी काठावर ठेवा, पाण्यात ती पायात येते. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, कायद्याने बंदी आहे. मैत्रिणींनाही सांगा.

आता मुलगा. त्याचा हेतू सोन्यासारखा आहे, महिना मात्र चुकलाय. मोसमी पाऊस आपल्याकडे यायच्या आधी अंदमानात पोचतो, साधारण २० मेच्या आसपास. वारा सुटला की बेटांमधल्या फेऱ्या रद्द होतात, चालू राहिल्या तरी हॅवलॉक बेटापर्यंतचे बोटीतले दोन तास तुम्हाला झेपणार नाहीत. नातवाला नाताळची सुट्टी मिळत असेल तर तेव्हा जा. गर्दी असते, तिकिटं महाग पडतात, पण समुद्र शांत असतो.

तिकिटं काढण्याआधी मुलाशी बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, समोर बसून. एवढंच सांगा: 'जानेवारीत मी मैत्रिणींबरोबर लक्षद्वीपला जातेय, बाबांच्या ठेवीतून. तू म्हणतोस ते अंदमान आपण सगळे नाताळात करू.' परवानगी मागू नका. तो दुखावला तर दोन दिवस दुखावू द्या. वडिलांसाठी काहीतरी करायची त्याची धडपड आहे, ती लक्षात घेऊन नाताळचा बेत पूर्ण त्याच्या हाती सोपवा.

त्या बेतात माझी एक सूचना. मुलं आधी समुद्रावर पळायचं म्हणतील, पण पहिला दिवस सेल्युलर जेललाच द्या. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तुरुंग मात्र तोच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांब इमारती. आज त्यातल्या तीनच उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येते, म्हणजे कैद्याला समोर माणसाचा चेहरा दिसू नये. भगूरचे दोघे भाऊ, बाबाराव आणि विनायक सावरकर, एकाच वेळी या भिंतींच्या आत होते. यजमान भगूरच्या आसपास वाढले, त्यांना ही जागा का बघायची होती हे नातवाला तिथेच उभं राहून सांगा. ते सांगणं मुलाला जमणार नाही, सुनेला जमणार नाही. त्यांच्या तोंडून इतकी वर्षं तुम्हीच ऐकलंय. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रमही बघा. तिथे हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, वेळेचं गणित तसं धरा. पैसे काढल्यावर ते पाकीट फेकू नका, नाताळात बरोबर न्या.

आणि जानेवारीसाठी शेवटचं एक. अगत्तीला चपला काठावर काढायच्या नाहीत. लगूनच्या तळाशी प्रवाळाचे धारदार तुकडे असतात, तळवा कापतो. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल आत्ताच घेऊन ठेवा आणि त्या घालूनच पाण्यात उतरा.