कांद्याच्या सालींनी रंगवलेल्या लोकरीचा रंग का उतरतो?

सालींच्या पाण्यात लडी दोन तास उकळूनही पहिल्याच धुण्यात रंग वाहून गेला आणि हळदीचंही तेच झालं, असं तुम्ही लिहिलंय. आधी लोकर खरी आहे का ते बघा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो, आणि त्यावर सालींचा रंग टिकत नाही, कितीही उकळा. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक.

लोकर खरी निघाली, तर तुरटी राहून गेली असणार. तुरटीतलं ॲल्युमिनियम एकीकडे तंतूला धरतं, दुसरीकडे रंगाला. 100 ग्रॅम कोरड्या लोकरीला 12 ते 15 ग्रॅम तुरटी पुरे. जास्त घातली की धागा चिकट होतो. लडी चार ठिकाणी सैल बांधा, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. स्टीलच्या पातेल्यात चार लिटर पाणी, त्यात विरघळवलेली तुरटी, मग लडी. हळूहळू 80-85 अंशांपर्यंत नेऊन तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या.

साली 50 ते 100 ग्रॅम घ्या. तासभर उकळून पाणी गाळा, नाहीतर तुकडे लडीत अडकतात आणि वेचता वेचता जीव जातो. कोमट झालेल्या पाण्यात ओली लडी सोडा, पुन्हा 80-85 अंशांवर तासभर. खळखळ उकळी, सारखं ढवळणं किंवा गरम लडी थेट नळाखाली धरणं, यातलं काहीही केलंत तर तंतू एकमेकांत गुंततात, लोकर आटते आणि परत सुटत नाही. सगळं जमलं की पिवळ्या सोन्यापासून नारिंगीपर्यंतची छटा मिळते, फार सुंदर. शेवटी 2 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) घातलंत तर तीच छटा शेवाळी होते. त्याहून जास्त नको, धागा कडक होतो.

हळद मात्र सोडा. तुरटी लावली तरी ती उन्हात उडते, आणि साबण लागला की लाल होते. बीटही उकळल्यावर मातकट होतं. टिकाऊ पिवळा हवा असेल तर डाळिंबाच्या वाळवलेल्या साली याच रीतीने वापरा. सुती धाग्याला नुसती तुरटी पुरत नाही, आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावा लागतो.

लडी सावलीत पूर्ण वाळवा आणि दोन-तीन दिवसांनी सौम्य साबणाने धुवा. रंगाचं पातेलं परत स्वयंपाकाला घेऊ नका.