सोलापुरात वाइन शॉपने ठेवलेल्या टेस्टिंगला जावं का? तिथे नेमकं काय करतात?

जरूर जा. तुम्ही लिहिलंय की वाइन कधी चाखलेली नाही, तिथे सगळे जाणकार असतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही अशी धास्ती वाटते. मी अशा कार्यक्रमाला गेलेलो आहे आणि आमच्या घरची सोलापूरजवळच्या नान्नजकडे द्राक्षबाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जागेचं. वाइन शॉपचा परवाना सीलबंद बाटली विकायचा असतो, तिथे बसून प्यायचा नसतो. त्यामुळे कार्यक्रम दुकानाचा असला तरी बसायची सोय बहुधा परमिट रूम असलेल्या हॉटेलात करतात. आमची सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र सोबत ठेवा. प्यायचा परवाना नसेल तर एक दिवसाचा तिथे मिळेल का, हे दुकानात आधीच विचारून घ्या. अत्तर, स्प्रे मारून जाऊ नका, शेजाऱ्यालाही वास घेता येत नाही. आणि मावा, तंबाखू, पान त्या दिवशी दुपारपासून बंद. बधिर जिभेला सगळ्या वाइन सारख्याच लागतात.

तिथे पाच-सहा वाइन चाखवतात, प्रत्येकीची ३० ते ५० मिली. क्रम ठरलेला असतो: फेसाळ, मग पांढरी, रोझे म्हणजे गुलाबीसर, मग लाल, गोड सगळ्यात शेवटी. ग्लास दांडीला धरायचा, कारण हाताच्या उबेने वाइन तापते. रंग बघा, ग्लास हलकेच फिरवा, नाक आत घालून वास घ्या, मग लहान घोट तोंडभर फिरवा. टेबलावर एक भांडं असतं, घोट त्यात थुंकायचा. आपल्याकडे हे अवघड वाटतं, पण ते भांडं त्यासाठीच असतं आणि कोणी वाईट मानत नाही. मी तर म्हणेन निम्म्याहून जास्त थुंकाच. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. चौथ्या ग्लासानंतर जीभ नाही, डोकं बोलायला लागतं.

आता खरा मुद्दा. सोलापूरकराने वाइनसमोर बिचकायचं काहीच कारण नाही, कारण आपण द्राक्षाच्या मुलखातले आहोत. सोनाका हा वाण नान्नजच्या नानासाहेब काळेंनी थॉमसन सीडलेसमधून निवडून काढला, तो आज किती बागांत उभा आहे बघा. अकलूजला फ्रटेली कंपनीची वायनरी, म्हणजे वाइन बनवायचा कारखाना आहे. माळशिरस तालुक्यातल्या त्यांच्या बागांत सांजोवेजेसारखं मूळचं इटलीचं द्राक्ष पिकतं आणि वाइन करण्याचं काम पिएरो मासी या इटालियन माणसाने उभं केलं. म्हणजे जे तुम्ही परदेशी समजून घाबरताय, ते आपल्या जिल्ह्यातल्या मातीतलं असू शकतं.

आमच्या कार्यक्रमात एका वयस्कर बागायतदारांनी दोन घड आणले होते. फेब्रुवारी होता, काढणी चालू होती. एक सोनाकाचा, लांबट पिवळसर मण्यांचा. दुसरा शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा, वाटाण्याएवढे काळे मणी, जाड साल, आत बी. ते म्हणाले, "मालक, बी गिळू नका, चावून बघा." एका मण्यातली बी हिरवट निघाली, ती कडू, तोंड आवळून टाकणारी. दुसऱ्यातली तपकिरी, कुरकुरीत, जवळजवळ भाजल्यासारखी. बी अशी तपकिरी व्हायला लागली की वाइनचा घड तयार होत आला असं समजतात, नुसती साखर मोजून भागत नाही. साखरेतही फरक आहेच. खायच्या द्राक्षाला १७-१८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आली की आपण गाडी बोलावतो, वाइनला २२च्या पुढे लागते, तीच साखर पुढे अल्कोहोल होते. मणी फुगवायला आपण खायच्या द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देतो. वाइनच्या बागेत मोठा मणी नकोच असतो, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा येतो सालीतून आणि बीतून, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त असते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गरसुद्धा पांढराच असतो. रस सालींसकट आंबवला की लाल वाइन, साली थोड्या तासांत काढल्या की रोझे.

ती बी चावल्यानंतर शिराझचा घोट घेतला तेव्हा हिरड्यांवर जे ओढल्यासारखं झालं, ते कशामुळे हे मला लगेच कळलं. साल-बीतल्या त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. वाइनबद्दल बोलायला आपल्याकडचे शब्द पुरतात: आंबट, तुरट, गोड, जड, हलकी. कार्यक्रम घेणारा काय म्हणतो त्याची वाट न बघता तुम्हाला जो वास आला तो मोठ्याने सांगा. चेनिन ब्लाँक या पांढऱ्या वाइनमध्ये मला पेरूचा वास आला, तो अनेकांना येतो. कॅबरने सोव्हिन्यो या लाल वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर ती कल्पना नव्हे, पायराझिन नावाची तीच संयुगं दोन्हीत असतात. शिराझमधल्या मिऱ्याच्या वासाचंही तसंच. रोटंडोन हा रेणू काळ्या मिऱ्यात असतो आणि शिराझच्या सालीतही. हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

तिथे जो कोणी वायनरीकडून आला असेल, त्याला बागेबद्दल विचारा. छाटणी कधी घेता, तोडणी रात्री करता का? आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्या वाढवायला) आणि ऑक्टोबरची फळ छाटणी (घड आणायला), अशा दोन छाटण्या होतात. युरोपात थंडीत वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच आणि तोडणी सप्टेंबरच्या सुमारास. आपल्या उन्हात साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, म्हणून तोडणीचा दिवस चुकला की वाइन सपक होते. वाइनवाल्यांची सगळी धडपड तो आंबटपणा वाचवायची असते. हे ज्याला विचारता येतं, त्याला कुणी अडाणी म्हणणार नाही.

खाण्याचं थोडक्यात. टेबलावर शेंगा चटणी ठेवली असेल तर लाल वाइनबरोबर खाऊ नका, तिखट आणि टॅनिन एकत्र आले की तोंड पेटतं. किंचित गोडसर चेनिनबरोबर मात्र ती छान जाते. दोन वाइनच्या मध्ये जीभ साफ करायला कडक भाकरीच्या तुकड्याएवढं चांगलं मला काही सापडलं नाही.

शेवटी बाटली घेण्याचा आग्रह होईल. आवडली तरच घ्या, आणि ती दुकानात कुठे ठेवली होती ते बघा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडलेली वाइन शिजलेल्या फळासारखी लागते, मग ती कितीही महाग असो. बूच बाहेर सरकलेलं किंवा कडेने ओघळ आलेला दिसला तर ती बाटली सोडा. "लाल वाइन रूम टेंपरेचरला प्या" हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे. आपल्याकडे लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, १६-१८ अंशांवर ती नीट बोलते. पांढरी ८ ते १२. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच, दोन-तीन दिवसांत संपवा. आणि त्या संध्याकाळी गाडी घरी ठेवून रिक्षाने जा.