जुनी स्क्वायर विकून नवी इलेक्ट्रिक गिटार घेताना: आधी सेटअप, मग व्यवहार

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोपरखैरण्याला राहता, पाच-सहा वर्षं जुनी स्क्वायर बुलेट स्ट्रॅट (फेंडरच्या स्वस्त ब्रँडची इलेक्ट्रिक गिटार) आहे. हल्ली ती बझ करते (तारा खरखरतात), ट्यूनमध्ये राहत नाही आणि ॲम्पला लावली की भणभणते. ती ऑनलाइन विकून ३५ हजारांच्या आत हंबकरवाली (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपची; पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग) नवी गिटार घ्यायची आहे. आधी विकू की आधी घेऊ, दुकानातून घेऊ की ऑनलाइन, आणि जुनीचे किती मागू, हे तुम्हाला ठरवायचंय.

माझं पहिलं सांगणं: कुठलीही जाहिरात टाकण्याआधी किंवा बघण्याआधी जुनी गिटार एकदा नीट सेटअप करून घ्या, म्हणजे नेकचा (गिटारच्या मानेचा) वाक, तारा आणि सूर जुळवून घ्या. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन सेटअपच्या आहेत आणि तिसरी त्या गिटारच्या जातीची आहे. सेटअप झालेली गिटार घेणाऱ्याच्या हातात गेली की भाव टिकतो. शिवाय आपल्याला खरंच काय कमी पडतंय, हे तुम्हाला तेव्हाच कळेल. नाहीतर नवी गिटार घ्याल आणि पुढच्या पावसाळ्यात तीही बझ करेल.

बझचं बघू. गिटार ट्यून करा, पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी पहिलीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी डोळा नेकच्या पातळीत आणून तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. साधारण पाव मिलिमीटर फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट अजिबात नसेल तर नेक फार सरळ झालीय किंवा मागे वाकलीय, तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक सांभाळणारी सळई) थोडा सैल करावा लागेल. फट खूप असेल तर नेक पुढे वाकलीय, रॉड आवळावा लागेल. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही. पुन्हा ट्यून करायची, पुन्हा बघायचं. रॉड अडतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि गिटार रिपेअर करणाऱ्याकडे न्या.

आपल्याकडे हे दरवर्षी होतं, कारण आपण खाडीच्या काठावर राहतो. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैमध्ये वाशी-कोपरखैरण्यात हवा कितीतरी जास्त दमट असते, आणि एसीच्या खोलीत एकदम कोरडी. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं, नेक हलते. ब्रिजच्या सॅडलचे (बॉडीवर तारा ज्यांवर टेकतात त्या तुकड्यांचे) बारीक स्क्रू खाऱ्या हवेने गंजतात आणि मग अ‍ॅलन की फिरेनाशी होते. गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ती भिंत पावसात ओल धरते. गिग बॅगमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदला.

ट्यूनिंगबद्दल: खुंटी फिरवताना नटपाशी (हेडस्टॉकजवळची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) ‘टिंग’ असा आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. तारा काढा, खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा आणि नव्या तारा लावा. नव्या तारा लावल्यावर प्रत्येक तार हाताने हलकेच ओढून ताणायची, ट्यून करायची, पुन्हा ओढायची. ती उतरायची थांबेपर्यंत हे करायचं. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळतोय का बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचा, उतरा असेल तर पुढे.

आता भणभण. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर वायरिंगचं ग्राउंड ठीक आहे. गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू वळा. एका दिशेला भणभण वाढते आणि दुसऱ्या दिशेला जवळपास नाहीशी होते, असं दिसलं तर तो सिंगल कॉइल पिकअपचा स्वभाव आहे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. पंख्याचा रेग्युलेटर, चार्जर, कॉम्प्युटर यांच्याभोवतीचं क्षेत्र पिकअपची एकेरी गुंडाळी अँटेनासारखी पकडते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर उपाय काढला: दोन गुंडाळ्या आणि उलट दिशेची चुंबकं, म्हणजे दोन्हींनी पकडलेली भणभण एकमेकींना मारते आणि तारांचा आवाज मात्र बेरजेत येतो. तोच हंबकर. तेव्हा हंबकरची तुमची मागणी योग्य आहे, विशेषतः डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावून वाजवत असाल तर. सेटअपने ही तक्रार जाणार नाही, आणि नवी गिटार घ्यायला हे कारण पुरेसं आहे. जुनीत हंबकर बसवत बसू नका. विकायच्या गिटारवर घातलेले पिकअपचे पैसे परत येत नाहीत.

मग काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या बजेटमध्ये आधी यामाहा पॅसिफिका ११२व्ही हातात घेऊन बघा. ब्रिजपाशी हंबकर, बाकी दोन सिंगल कॉइल, आणि टोनचा नॉब वर ओढला की हंबकरची एक गुंडाळी बंद होऊन स्ट्रॅटसारखा पातळ आवाज मिळतो. बॉडी आल्डरची. बुलेटवरून येणाऱ्या हाताला तिची नेक परकी वाटत नाही. लेस पॉलच्या आकाराची एपिफोन आवडत असेल तर तीही बघा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) २४.७५ इंच असते, स्ट्रॅटची २५.५. त्याच तारा तिच्यावर थोड्या सैल लागतात, बेंड सोपे जातात. आणि लेस पॉल जड असते. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये संध्याकाळी पाठीवर घेऊन उभं राहायचं असेल तर हा मुद्दा छोटा नाही. फ्लॉइड रोज ब्रिजची (तारा जखडून ठेवणाऱ्या, हलत्या ब्रिजची) गिटार सध्या नको. एक तार तुटली की सगळं ट्यूनिंग ढासळतं, आणि स्वस्त फ्लॉइडच्या, ब्रिज ज्यांवर डुलतो त्या धारा झिजल्या की ती कधीच सुरात राहत नाही.

दुकान की ऑनलाइन? निवडायला दुकान, हे माझं उत्तर. ठाण्यात आणि नवी मुंबईत वाद्यांची दुकानं आहेत, पण एकाच ठिकाणी बरेच ब्रँड बघायचे असतील तर रविवार सोडून एखाद्या कामाच्या दिवशी मुंबईत धोबी तलावला जा. जेर महालमधलं फुर्ताडोज हे १८६५ पासूनचं नाव, सीएसएमटीवरून चालत जाता येतं. गर्दी नसताना गेलात तर कोणी घाई करत नाही. स्वतःचं पिक आणि केबल न्या. आधी ॲम्पशिवाय वाजवा: प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकही सूर मरतोय का ते ऐका. बोटं नेकच्या कडेने वरखाली फिरवा, फ्रेटची टोकं टोचतात का बघा. मग तुमच्या घरी जसा छोटा ॲम्प आहे तसलाच मागून घ्या. मोठ्या ट्यूब ॲम्पवर कुठलीही गिटार छान वाटते. तुमच्या रोजच्या दोन गाण्यांचे तुकडे वाजवा. दुकानात नवं काहीतरी वाजवायला गेलात की लक्ष बोटांकडे जातं, गिटारकडे राहत नाही.

मॉडेल ठरल्यावर ऑनलाइन भाव बराच कमी दिसला तर तो दुकानात दाखवा. बऱ्याचदा जुळवून देतात, निदान तारा किंवा बॅग घालतात. ऑनलाइनच मागवलीत तर विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे का आणि परत करायची मुदत किती, हे आधी वाचा, आणि खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा. दोन्हीकडे बजेटमधून सेटअप आणि नव्या तारांचे पैसे बाजूला ठेवा. नवी गिटार कारखान्यातून कुठल्या तरी वेगळ्या हवेत बनून येते, आपल्या हवेत ती बसायला एक सेटअप लागतोच.

एक धोक्याची गोष्ट, कारण आपल्या भागात ही बरीच दिसते. अमेरिकेतून परतलेल्या कोणाचा तरी ॲम्प स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. तो १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावताच जळेल. मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरून परवडत असेल तरच बघा. गिटारला हा प्रश्न नाही.

क्रमाचं म्हणाल तर पैशाची अगदीच ओढाताण नसेल तर आधी घ्या, मग विका. गिटार हातात नसताना माणूस मिळेल ती पटकन घेऊन टाकतो. दोन्ही काही आठवडे शेजारी ठेवून वाजवा. क्लीन आवाजासाठी हात पुन्हा पुन्हा बुलेटकडेच जातोय असं झालं तर विकायचा विचारच बदलेल, आणि त्यात काही गैर नाही. विकायचीच असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्यावर किंवा दिवाळीच्या आधी गिऱ्हाईक चांगलं असतं. भर पावसात कोणी गिटार बघायला घराबाहेर पडत नाही.

भावाचा माझा ठोकताळा असा: आज त्याच तोडीची नवी गिटार जेवढ्याला मिळते, त्याच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत. बुलेट आता बनत नाही, २०२३ मध्ये स्क्वायरने तिच्या जागी सॉनिक मालिका आणली. त्यामुळे घेणारा तुमची किंमत नव्या सॉनिकशी ताडून बघणार. तुम्ही काय किमतीला घेतली होती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. छोटा ॲम्प, केबल आणि पट्टा एकत्र दिलात तर नवशिक्याच्या आईवडिलांना ते सोयीचं वाटतं आणि घासाघीसही कमी होते.

फोटो खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात काढा. हेडस्टॉकचा पुढून आणि मागून, फ्रेट जवळून, नेक जिथे बॉडीला जोडते तो सांधा, आणि प्रत्येक ओरखडा. ओरखडे लपवू नका. भेटीत ते दिसणारच, आणि तेव्हा भाव दुप्पट पडतो. सिरीयल नंबर लिहा. तो आयसीएसने सुरू होत असेल तर गिटार इंडोनेशियातल्या कॉर्ट कंपनीच्या कारखान्यातली, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. कोणीतरी नक्की म्हणेल की फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटं दाबायची लाकडी पट्टी) रोझवूडचा, म्हणजे शिसवीचा नाही, म्हणून कमी करा. बुलेटचा फ्रेटबोर्ड बहुधा इंडियन लॉरेलचा, म्हणजे आपल्या ऐनाचा आहे. येऊरला मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचं झाड दिसतं ना, तेच. २०१७ मध्ये शिसवीच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आल्या, निर्यातीची कागदपत्रं वाढली आणि कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त गिटारवर लॉरेल टिकून राहिलं. चांगलं घट्ट लाकूड आहे, त्यासाठी एक रुपयाही सोडू नका. विकायच्या आधी त्याला लेमन ऑइलचा हात फिरवा, रंग एकदम खुलतो.

भेटायला मॉल किंवा स्टेशन निवडू नका, तिथे ॲम्प नसतो आणि गिटार ऐकवता येत नाही. घरी अनोळखी माणूस नको असेल तर ठाण्यात किंवा वाशी-नेरुळच्या बाजूला एखादी जॅम रूम (भाड्याने मिळणारी सरावाची खोली) तासाभरासाठी घ्या. ॲम्प तिथेच असतो, बाहेर माणसं असतात, आणि घेणारा निवांत वाजवून बघतो. ते तासाचं भाडं मला कधीच वाया गेल्यासारखं वाटलं नाही.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. समोरचा एक शब्दही घासाघीस करत नाही, गिटारबद्दल काही विचारत नाही, सैन्यात आहे, बदली झालीय असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. स्क्रीनशॉट किंवा एसएमएसवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसेपर्यंत गिटार हातातून सोडू नका. कोणी फसवलंच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते.

स्वतः सेकंडहँड घ्यायचा विचार आला तरी हेच उलट बाजूने लागू: न बघता ‘होल्ड’साठी आगाऊ रक्कम द्यायची नाही, बिल मागायचं, आणि बिलावरचा नंबर गिटारवरच्या नंबराशी जुळवायचा.

गिऱ्हाईक कोल्हापूर-नाशिककडचं निघालं आणि कुरियर करावा लागला तर बुलेटची एक सोय आहे. नेक चार स्क्रूंनी बसवलेली असते. तारा पूर्ण सैल करा, स्क्रू काढा, नेक आणि बॉडी वेगवेगळ्या बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि खोका हलवल्यावर आत काहीही सरकणार नाही इतका भरा. चार स्क्रू एका छोट्या पुडीत घालून ती पुडी बॉडीलाच चिकटपट्टीने लावा, आणि नेक परत कशी बसवायची याचा छोटा व्हिडिओ घेणाऱ्याला आधीच पाठवून ठेवा.