गाडी म्हणजे नेमकी कोणती गाडी?

प्रश्न असा आहे की ऑफिसात कोणी बाईकला गाडी म्हणतं, कोणी कारला, कोणी ट्रेनला, आणि बॉस म्हणाले "आज गाडी नाही आणली", तर मराठी शिकणाऱ्याने समजायचं काय?

नुसत्या 'गाडी'वरून काहीच कळत नाही हो, पुढचं क्रियापद ऐकायचं. गाडी सुटली, गाडी चुकली म्हटलं की रेल्वे नाहीतर एसटी. गाडी जुंपली म्हणजे बैलगाडी. किक मारली म्हणजे अर्थात दुचाकी. "गाडी काढ" मध्ये मात्र माणूस बघावा लागतो, ज्याच्या दारात जी उभी असेल ती.

सगळ्यात घोळ 'लागणे'चा. स्टँडवर "गाडी लागली" म्हणजे बस फलाटाला येऊन उभी राहिली, "मला गाडी लागते" म्हणजे प्रवासात मळमळतं, आणि "गाडी लावली" म्हणजे पार्क केली. माझा एक मित्र मराठी शिकत होता, त्याला यातला मळमळीचा अर्थ तेवढा माहीत, मी घाईघाईत म्हटलं "गाडी लागली, चल चल" तर हा पळायचं सोडून बॅगेतून लिंबू काढून माझ्या हातात देतोय. बस गेली ती गेलीच.

मूळ शब्द बैलांच्या काळातला, प्राकृतात 'गड्डी' होतं. गाडा मोठा, गाडी लहान, जसं सुरा-सुरी, डबा-डबी. नंतर 1853 साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, तेव्हा लोकांनी वेगळं नाव शोधलं नाही, जुन्या शब्दापुढे आग जोडली आणि आगगाडी झाली, खेड्यात आगीनगाडी. मालगाडी, हातगाडी, बाबागाडी, घोडागाडी सगळे याच पद्धतीचे. भेळेची गाडी तर जागची हलतही नाही तरी गाडीच :)

एक गंमत मला फार आवडते. आपण प्रवासी म्हणून "रिक्षा केली" म्हणतो, पण रिक्षावाला स्वतःच्या रिक्षाला गाडीच म्हणतो, "गाडी गॅरेजला टाकलीय". ट्रकवाल्याचंही तेच. म्हणजे चालवणाऱ्यासाठी ती गाडी, बसणाऱ्यासाठी रिक्षा. सायकलला मात्र कोणी सहसा गाडी म्हणत नाही, बिचारी.

बोलण्यातही गाडी येते. "त्याची गाडी फिरून पैशावर आली" म्हणजे विषय. गाडी रुळावर येणं, घसरणं, हे उघडच रेल्वेचं. संसाराचा किंवा राज्याचा म्हटलं की शक्यतो गाडा, कारण तो ओढायचा असतो, ओझं असतं. म्हणीतही गाडा आहे, 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा'. यातला नळा पाण्याचा नाही बरं का, चाकाच्या आसाला घालायचं वंगण ठेवायची बांबूची नळी गाड्याला टांगलेली असायची, गाडा यात्रेला निघाला की तिचीही आपोआप यात्रा. साहेबांच्या दौऱ्यात फुकट फिरून येणाऱ्याला हे अगदी फिट बसतं.

आता तुमच्या बॉसचं. "आज गाडी नाही आणली" म्हणाले तर बाईक का कार ते विचारत बसू नका, त्यांना बहुतेक लिफ्ट हवी असते.